स्लो कुकरमधलं काच्चातोरा: रस्सा पाणीदार आणि चिकन कोरडं का होतं?

टोरांटोहून एका ताईंनी विचारलं आहे: "सहा क्वार्टचा स्लो कुकर घेतला. इटालियन पद्धतीचं चिकन काच्चातोरा करायचं म्हणून सकाळी सात वाजता बिनहाडाचं ब्रेस्ट, टोमॅटोचे दोन डबे, कपभर रेड वाइन, कच्चा कांदा, मशरूम आणि ढोबळी मिरची असं सगळं एकदम टाकलं, 'लो'वर लावलं आणि कामाला गेले. संध्याकाळी साडेपाचला येऊन झाकण काढलं तर वर पाणी तरंगतंय, त्याला दारूचा वास, कांदा पांढराच आणि चिकनचे दोरे सुटलेले. रश्श्यात दहा तास बुडालेलं चिकन कोरडं कसं होतं? कुकर खराब निघाला का?"

ताई, कुकर बहुतेक चांगलाच आहे. त्याच्यावर जी दोन कामं तुम्ही सोपवलीत, ती त्याला येतच नाहीत, एवढंच. एक म्हणजे खरपूस करणं आणि दुसरं म्हणजे आटवणं. ही दोन्ही कामं गॅसवर करायची, पहिलं सुरुवातीला आणि दुसरं शेवटी. मधला शिजण्याचा भाग तेवढा कुकरचा. एवढं सांभाळलंत तर याच कुकरमधून तुम्ही उत्तम काच्चातोरा काढाल. मी इटलीतल्या सिएनाजवळच्या एका छोट्या खाणावळीत दोन हंगाम काम केलं, नंतर पुण्यात बरीच वर्षं इटालियन स्वयंपाकघर सांभाळलं, आणि घरी स्लो कुकर जवळजवळ रोज वापरते. त्या अनुभवावरून सगळं नीट सांगते.

आधी पदार्थ समजून घेऊ. 'आल्ला काच्चातोरा' म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीचं. कोंबडीइतकंच सशाचं मांसही तिकडे असं करतात. याची एकच एक कृती नाही. तोस्काना (टस्कनी) भागात टोमॅटो आणि रेड वाइन घालतात, बरेचदा काळे ऑलिव्हही. रोमच्या बाजूला टोमॅटो नसतोच: लसूण, रोझमेरी, व्हाइट वाइन, व्हिनेगर आणि थोडी खारवलेली अँचोव्ही मासळी. उत्तरेकडे गेलात की मशरूम येतात. ढोबळी मिरची आणि खाली स्पगेटी ही जोडी बरीचशी अमेरिकेतल्या इटालियन घरांतली. इटलीत पास्ता आधी वेगळा वाढतात आणि मांसाचा पदार्थ त्यानंतर, पाव किंवा पोलेंताबरोबर, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या कण्यांबरोबर.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. काच्चातोरा हा ओघळणारा रस्सा नाही. आपण ज्याला अंगाबरोबर रस म्हणतो तसा, मांसाला बिलगलेला रस हवा. पेल्लेग्रिनो आर्तुसी यांच्या स्वयंपाकाच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १८९१ साली निघाली आणि इटलीतल्या घराघरांत ते आजही असतं. त्यांची कृती पाहा. चिरलेला कांदा अर्ध्या तासाहून जास्त गार पाण्यात ठेवायचा, कोरडा करून तेलात परतायचा आणि बाजूला काढायचा. त्याच तेलात कोंबडीचे तुकडे तांबूस करायचे, मग कांदा परत घालून अर्धा ग्लास सांजोवेझे किंवा दुसरी चांगली रेड वाइन, थोडा टोमॅटोचा रस, आणि पाच मिनिटं उकळ. बस. चव जवळजवळ सगळी परतण्यातच तयार होते. तुम्ही नेमकं तेवढंच वगळलंत आणि उकळण्याचा भाग पाच मिनिटांवरून दहा तासांवर नेलात.

आता कुकरकडे येऊ. हे यंत्र कशासाठी जन्माला आलं ते कळलं की त्याच्याशी जुळवून घेणं सोपं जातं. अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकी संशोधकाला १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्याची आई लिथुआनियातल्या व्हिल्ना शहराच्या आठवणी सांगायची: शुक्रवारी संध्याकाळी, साबाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू व्हायच्या आत, 'चोलेंट' नावाच्या कालवणाचं भांडं बेकरीवाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायचं आणि भट्टीच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. त्यावरून नॅक्सनला कल्पना सुचली. त्याच्या भांड्याचं नावच 'बीनरी' होतं, कारण ते कडधान्य शिजवण्यासाठी विकलं जाई. १९७० साली रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ पासून तेच 'क्रॉक-पॉट' म्हणून घरोघरी पोहोचलं. म्हणजे हे यंत्र मुळात कडधान्य आणि चिवट मांस यांच्यासाठी आहे. आपल्याकडे चुलीच्या वैलावर भांडं सरकवून ठेवायचे तसंच. वैलावर कुणी कांदा लाल करायला ठेवत नसे.

कांदा पांढराच का राहिला, त्याचं कारण हेच. पदार्थ तांबूस होऊन खमंग वास सुटायला साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढची, कोरडी उष्णता लागते. पाण्यात बुडालेला पदार्थ १०० अंशांच्या पुढे जात नाही. दहा काय, वीस तास ठेवलात तरी कांदा उकडेल, लाल होणार नाही.

पाण्याचंही तसंच. झाकणाला लागलेली वाफ थेंब होऊन परत खाली पडते, त्यामुळे आत जे पडलं ते आतच राहतं. वर कोंबडी स्वतःचं पाणी सोडते. सव्वा-दीड किलो मांसातून पाव लिटरच्या वर रस सहज सुटतो. त्यात तुम्ही टोमॅटोचे दोन डबे आणि कपभर वाइन घातलीत. वाइनमधला अल्कोहोल उघड्या कढईत बराचसा उडून जातो, बंद भांड्यात तो रश्श्यातच घुमत राहतो. तुम्हाला वास आला तो त्याचा.

आणि कोरडं चिकन. हा प्रश्न तुम्ही फार नेमका विचारलात, कारण इथे जवळजवळ सगळ्यांची समजूत चुकते. बाहेर रस्सा आहे म्हणून मांस ओलं राहतं असं होत नाही. मांसाचे धागे तापले की आखडतात आणि स्वतःतलं पाणी बाहेर पिळून टाकतात, मग ते भोवती पाणी असो वा नसो. ब्रेस्टमध्ये चरबी कमी आणि कोलॅजन, म्हणजे धाग्यांना बांधून ठेवणारा चिवट भाग, जवळजवळ नाही. ते ७४ अंशांना खाण्याजोगं शिजतं, आणि कुकरमध्ये तिथपर्यंत पोहोचायला दोन-अडीच तास पुरतात. पुढचे सात-आठ तास ते नुसतं पिळलं गेलं.

मांडीचं मांस वेगळं वागतं. त्यात कोलॅजन भरपूर असतं. साधारण ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, आणि ८०-९० अंशांत काही वेळ राहिलं की मांस मऊ आणि रसरशीत लागतं. रसाला जो किंचित चिकट दाटपणा येतो तोही त्याचाच. म्हणून स्लो कुकरमध्ये फक्त मांड्या आणि तंगड्या घ्या, त्याही हाडासकट. ब्रेस्टच आवडत असेल तर काच्चातोरा कढईत करा. अर्ध्या तासात होतं आणि छान होतं. त्यासाठी कुकर काढायची गरज नाही.

आता माझी कृती. सहा क्वार्ट म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचा कुकर आणि पाच-सहा माणसं धरून सांगते.

हाडासकट मांड्या आठ, वजनाने सुमारे १.४ किलो. तिकडे कातडीसकट मिळतात, तर कातडीसकटच आणा, पण परतून झाल्यावर ती काढून टाका. कातडी तव्यावर चरबी सोडते, तिच्यामुळे मांडी परतताना फाटत नाही, मात्र नंतर कुकरमध्ये ती वातड आणि बुळबुळीत होते. आदल्या रात्री मांड्यांना तीन लहान चमचे बारीक मीठ आणि भरपूर मिरपूड चोळून फ्रिजमध्ये उघड्याच ठेवा. मीठ आतपर्यंत मुरतं आणि वरचा भाग कोरडा होतो. ओला तुकडा तव्यावर आधी उकडतो, मग लाल होतो, आणि तोवर आतून निम्मा शिजलेला असतो.

बाकी साहित्य: एक मोठा कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, सगळं अगदी बारीक चिरून. लसणाच्या चार पाकळ्या नुसत्या ठेचून. रोझमेरीच्या दोन काड्या. तमालपत्र दोन, पण इथे जपून. इटलीत वापरतात ते लॉरेल झाडाचं पान. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, त्यावर लांब तीन शिरा असतात आणि त्याला लवंग-दालचिनीचा वास येतो. ते घातलंत तर रश्श्याला पुलावाची चव येईल. लॉरेलचं पान मिळालं नाही तर काहीच घालू नका.

वाइन १५० मिलिलिटर, कोरडी, गोड अजिबात नको. महाराष्ट्रात राहून हे करणाऱ्यांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे: सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली वायनरीच्या मळ्यांत तोस्कानाचं सांजोवेझे द्राक्ष लावलेलं आहे. आर्तुसींनी सांगितलेलं द्राक्ष आपल्या मातीत पिकतं याचं मला फार अप्रूप आहे. वाइन नको असेल तर ती वगळा आणि शेवटी एक मोठा चमचा रेड वाइन व्हिनेगर घाला. द्राक्षाचा गोड रस हा पर्याय नाही.

टोमॅटो सोललेल्या आख्ख्यांचा एकच डबा, ४०० ग्रॅमचा. डब्यातला पातळ रस वेगळा गाळून ठेवा, टोमॅटो हाताने कुस्करा. ताजे वापरायचे तर सात-आठ पिकलेले टोमॅटो किसून कढईत अर्धे होईपर्यंत आधीच आटवा. हायब्रीड टोमॅटो आंबट आणि पाणचट असतो, तो तसाच कुकरमध्ये घातला तर सगळा पदार्थ पांचट होतो.

सकाळी, किंवा जमत असेल तेव्हा, जाड बुडाची कढई तापवा. बिडाची असेल तर उत्तम. दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल. मांड्या कोरड्या पुसून कातडीची बाजू खाली करून ठेवा आणि सात-आठ मिनिटं हात लावू नका. तुकडा कढईला चिकटलेला वाटला तर तो अजून झालेला नाही. तांबूस झाला की आपोआप सुटतो. दुसरी बाजू तीन मिनिटं. एका वेळी चारच तुकडे, गर्दी झाली की वाफ धरते. मांड्या बाहेर काढा, कातडी सोलून घ्या, दोन चमचे तूपासारखी चरबी कढईत ठेवून बाकीची ओतून टाका.

त्याच चरबीत कांदा, गाजर, सेलरी. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं. इटालियन लोक याला सोफ्रित्तो म्हणतात, आणि काच्चातोराचा जीव यातच आहे. आपल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचं जसं, तसंच याचं: घाई केलीत की ते शेवटपर्यंत कळतं. कांदा सोनेरी झाला की लसूण, आणि मिनिटभराने एक चमचा टोमॅटो पेस्ट. ती लालाची विटकरी होईपर्यंत परता. मग वाइन ओता आणि लाकडी उलथन्याने तळाला लागलेलं सगळं खरवडून घ्या. ते खरवडलेलं कधीही टाकू नका. वाइन एक तृतीयांश उरेपर्यंत उघडीच उकळा. वास घेऊन पाहा: नाकाला झोंबणं थांबलं आणि द्राक्षाचा वास राहिला की झालं. आता कुस्करलेले टोमॅटो घालून पाच मिनिटं आटवा.

हे मिश्रण गरमच कुकरच्या भांड्यात जाऊ द्या, पण भांडं फ्रिजमधून काढलेलं थंडगार असू नये, चिनी मातीला तडा जातो. वर मांड्या एका थरात, मग रोझमेरी आणि पान. पाणी घालायचं नाही. तुम्हाला ते फार कमी वाटेल, मांड्या निम्म्याही बुडणार नाहीत. तसंच हवं आहे, दोन तासांनी रस आपोआप वर येईल. बटाटे किंवा गाजराचे मोठे तुकडे हवे असतील तर ते तळाशी, मांसाखाली ठेवा. स्लो कुकरमध्ये मांसापेक्षा मुळं-कंद उशिरा शिजतात, त्यात टोमॅटोचा आंबटपणा त्यांना आणखी रोखतो.

'लो'वर साडेचार ते पाच तास, 'हाय'वर अडीच ते तीन. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही शेवटी उकळीच्या जवळपासच जातात, फरक तिथवर पोहोचायला लागणाऱ्या वेळाचा. झाकण मध्ये उघडू नका. प्रत्येक वेळी गेलेली उष्णता भरून काढायला त्याला वीसेक मिनिटं लागतात. हाडाजवळचं मांस काट्याने सहज सुटलं, पण तुकडा उचलल्यावर अख्खा राहिला, की थांबायचं.

आता दुसरं गॅसचं काम, जे लोक टाळतात. मांड्या ताटात काढून झाका. रोझमेरीच्या काड्या आणि पान फेकून द्या. सगळा रस रुंद कढईत ओतून मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं आटवा. उलथन्याने रेघ ओढली की ती क्षणभर उघडी राहायला हवी. कॉर्नफ्लोअर लावून दाट करू नका. त्याने चकाकी येते, चव मात्र होती तेवढीच राहते. आटवल्याने दोन्ही मिळतं. मशरूम घालायचे तर वेगळ्या तव्यावर, मोठ्या आचेवर, त्यांचं पाणी सुटून उडेपर्यंत परता आणि इथे मिसळा. ऑलिव्हही आत्ताच, मूठभर. चव घेऊन मगच मीठ, कारण ऑलिव्ह खारट असतात. मांड्या परत घालून दोन मिनिटं रसात लोळवा, वर कच्चं ऑलिव्ह तेल चमचाभर आणि चिरलेली पार्सली.

तुमची खरी अडचण मात्र साडेदहा तास घराबाहेर राहण्याची आहे. ब्रॉयलर कोंबडी तेवढा वेळ सोसत नाही. टायमर असलेला कुकर असेल तर पाच तासांनंतर तो आपोआप 'वॉर्म'वर जाऊ द्या, पण पुढचे साडेपाच तास तिथेच राहणं मला लांब वाटतं, दोन-तीन तास ठीक. उलट, उशिरा सुरू होणारा टायमर लावून कच्चं मांस तासन्‌तास बंद कुकरमध्ये ठेवणं तर अजिबात नको. ४ ते ६० अंशांच्या मधे जीवाणू झपाट्याने वाढतात. गोठलेली कोंबडी थेट कुकरमध्ये टाकणं याच कारणासाठी धोक्याचं. मी स्वतः नोकरी करत असताना रविवारी दुपारी करून ठेवायचे आणि सोमवारी संध्याकाळी गॅसवर गरम करायचे. दुसऱ्या दिवशी मुरून जास्त छान लागतं. गरम करायला स्लो कुकर वापरू नका, तो फार सावकाश तापतो.

कुकरबद्दल शंका उरलीच असेल तर एक परीक्षा घ्या. भांडं अर्ध्याच्या वर पाण्याने भरा, 'लो'वर झाकण लावून आठ तास ठेवा आणि झाकण काढल्याबरोबर थर्मामीटर बुडवा. ८५ अंश किंवा त्याच्या वर आलं तर कुकर ठणठणीत. खूप कमी आलं तर बदला.

काही जणी यात पांढरा राजमा, म्हणजे कान्नेल्लिनी, घालतात. तोस्कानातली माणसं कडधान्यावर जीव टाकतात, त्यामुळे जोडी सुंदर आहे. पण कच्चा राजमा, लाल असो वा पांढरा, कधीही थेट स्लो कुकरमध्ये घालू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. ते खळखळ उकळल्यावरच मोडतं. मंद उष्णतेत ते टिकून राहतं आणि उलट्या-जुलाब होतात. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळ उकळा, मग शिजवून शेवटी घाला. डब्यातला राजमा आधीच शिजलेला असतो, तो बिनधास्त वापरा.

सुट्टीत गावी आलात तर हेच गावरान कोंबडीचं करून पाहा. जी कोंबडी कढईत तासभर उकळूनही दाताला दाद देत नाही, ती 'लो'वर सात-आठ तासांत हाडापासून अलगद सुटते, आणि तिच्या रसाला जी चव असते ती ब्रॉयलरच्या मांडीला कधीच येत नाही. तिथे हे यंत्र खरंच आपलं काम करतं. कॅनडातला कुकर मात्र सोबत आणू नका. तो १२० व्होल्टचा असतो, आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर जळेल.

वाढताना खाली पोलेंता असेल तर उत्तम. मक्याच्या कण्या पातळसर, लोण्यावर शिजवल्या की तेच. नाहीतर जाड कवचाचा पाव. ताटलीत उरलेला रस पावाच्या तुकड्याने पुसून खायला इटलीत 'स्कार्पेत्ता' म्हणतात, म्हणजे छोटा बूट, आणि तो पुसला गेला नाही तर स्वयंपाक करणारीला वाईट वाटतं. उरलेलं दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी हाडं काढून मांस कुस्करा, गाळून ठेवलेला टोमॅटोचा रस घालून थोडं सैल करा आणि रुंद पट्ट्यांच्या पास्त्याला लावा.